सांजेचा आकडा

ता. २७ नोव्हेंबर १९३२, रविवार. किहीम.

नऊ दिवस वही उघडली नाही. रोज म्हणायचो, आज लिहू. आणि रोज ठाऊक असायचं की लिहायला बसलो की ते लिहावं लागेल. म्हणून नारळाची झापं विणायला शिकलो, थळच्या बाजूला वाळूत रुतलेला एक मचवा बघून आलो, शिंपल्यांचा ढीग केला आणि परत समुद्रात टाकला. सगळं केलं, लिहिलं तेवढं नाही.

तर लिहितो. नजमुद्दीनचाचांचा अँमीटर मी जाळला.

पुढे कधी वाचीन तेव्हा मलाच कळावं म्हणून नीट लिहितो. चाचा बावीस वर्षं आगबोटीवर बत्तीवाले होते. बोटीवरचे सगळे दिवे, पंखे, घंटा त्यांच्या हातात. आता मुंबईच्या एका शेठनी इथे बायकांच्या बाळंतपणासाठी दवाखाना बांधलाय, त्यात विजेचे दिवे घालायचं काम चाचांकडे आहे. मागच्या खोपीत तेलाचं इंजिन, त्याला पट्ट्यानं जोडलेला डायनामो, आणि शेजारच्या खोलीत ॲसिड भरलेल्या काचेच्या भांड्यांची रांग — ती बॅटरी. मी गणपतीनंतर त्यांच्या हाताखाली लागलो. त्याआधी लाँचवर होतो, त्याआधी सिनेमाच्या तंबूत, त्याआधी पेणच्या मिठागरात. त्याआधी असंच कुठे कुठे. त्याआधी पालीला, घरी.

चाचांची एक सागवानी पेटी आहे. आत लाल मखमल, मखमलीत खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक यंत्र. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं घड्याळं आहेत. सगळ्यांना तबकडी, सगळ्यांना काटा. चाचा हसले. "घड्याळ एकच गोष्ट सांगतं, मोऱ्या. ह्यातला एकेक वेगळी सांगतो. आणि एकेकाला विचारायची रीत वेगळी हाय."

व्होल्टमीटर दाब सांगतो. त्याला दोन तारांमध्ये आडवा लावायचा. अँमीटर प्रवाह सांगतो. त्याच्यासाठी तार तोडायची आणि तोडलेल्या जागी त्याला बसवायचा, म्हणजे सगळी वीज त्याच्या अंगातूनच जाते. मी माझ्यापुरतं मिठागराच्या भाषेत बसवलं होतं — व्होल्टमीटर म्हणजे खाडीचं पाणी किती चढलं ते बघायला बांधाला टेकवलेली काठी, आणि अँमीटर म्हणजे उघाडीच्या, बांधातल्या दाराच्या, तोंडात उभा राहून आत किती पाणी येतंय ते बघणारा गडी. इतकं छान बसवलं होतं!

आणि त्या दिवशी बाहेर कोणी तरी ओरडलं, घोरपड धरली, घोरपड धरली. मी मान वळवली. हात मात्र चालूच. अँमीटर व्होल्टमीटरसारखा बॅटरीच्या दोन टोकांना आडवा लावला. सगळी बॅटरी त्याच्या अंगातून धावली. फट्. काटा आपटून वाकला, काचेच्या आत धूर.

चाचा रागावले नाहीत. हातात घेतला, काचेवरून अंगठा फिरवला. "तीन बोटी पाहिल्या ह्यानं," एवढंच म्हणाले आणि मखमलीतल्या खड्ड्यात परत ठेवला. त्या दिवसापासून कोणी रागावलं असतं तर बरं, असं वाटतंय.

घोरपड सुटली म्हणे.

ता. २८, सोमवार.

लिहून झालं तर काल भात दोनदा घेतला. महेरुन्निसाचाचींनी बांगडा केला होता. पालीला कळलं की मी कुणाच्या घरी जेवतो तर बाबा मला उंबऱ्याबाहेर ठेवतील. उंबऱ्यापर्यंत गेलो तर!

चाची वाढताना रोज एकच विचारतात. "घरला कागद टाकलास का?" मी रोज म्हणतो, उद्या.

ता. २ डिसेंबर, शुक्रवार.

आज चाचांचं कळलं. खरं म्हणजे पुष्कळ दिवस कळत होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. ते चहा बशीच्या बाहेर ओततात. यंत्र नाकाला लावून बघतात आणि तरी मला विचारतात, "काटा खंय हाय?" मला वाटायचं मला शिकवतायत.

आज नमाजाहून आले, पायरी चुकले, मी धरलं. ओसरीवर बसून म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवा दिसतो, दिव्याखालचं अक्षर दिसत न्हाय. तारा मी हातानं ओळखतो. काटा हातानं ओळखता येत न्हाय."

मी विचारलं, कोणाला ठाऊक आहे. म्हणाले, "तुझ्या चाचीला. आता तुला. येसाजीला कळता कामा न्हाय."

येसाजी म्हणजे मुकादम. दवाखान्याची इमारत त्यानंच उभी केली आणि दिव्यांचं काम मुंबईच्या कंपनीला द्यायचं त्याच्या मनात होतं. जानेवारीत सरकारी इन्स्पेक्टर येणार, सगळी जोडणी मापणार. पास झाली तर दिवे लागतील आणि चाचा दवाखान्याचे कायमचे बत्तीवाले होतील. नापास झाली तर मुंबईचे लोक येतील, आणि अशा डोळ्यांच्या माणसाला पुन्हा कोणी काम देणार नाही.

"हात माझे, नजर तुझी," चाचा म्हणाले. "चालंल?"

मी हो म्हटलं. मग रात्रभर — रात्रभर नाही, झोप येईपर्यंत — विचार करत होतो की मी आजवर एका जागी सहा महिने राहिलेलो नाही.

ता. ६, मंगळवार.

मेगर! हे सगळ्यात मोठं यंत्र, पेटीत मावत नाही, त्याची वेगळी पेटी. बाजूला एक हँडल आहे, पिठाच्या जात्यापेक्षा जरा हलकं. ते फिरवलं की यंत्र स्वतःच वीज तयार करतं आणि तारेत ढकलून बघतं, कुठून गळते का. एक टोक दिव्याच्या तारेला, दुसरं जमिनीत पुरलेल्या नळाला. तारेवरचं रबर चांगलं असेल, भिंत कोरडी असेल, तर वीज जमिनीत पळत नाही आणि काटा एका खुणेकडे जातो — आडव्या पडलेल्या आठासारखी खूण. तिचा अर्थ अंतच नाही. गळती असेल तर काटा शून्याकडे.

"आठाकडं गेला तर निजायचं," चाचा म्हणतात. "शून्याकडं गेला तर उठायचं."

इन्स्पेक्टरला निदान एक हवा. एक मेगोहम. त्यात दहा लाख ओहम असतात. ओहम म्हणजे वीज अडवायचं माप. दहा लाख म्हणजे किती ते माझ्या डोक्यात येत नाही, पण एक म्हणजे एक.

दुपारी मापलं. दीड. चाचांना सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फार दिवसांनी.

ता. ९, शुक्रवार.

आज चाचा म्हणाले, दवाखाना दुपारचा चालत न्हाय, सांजचा पण मापून ठेव. दिवे लागतात तेव्हाच मापायचं. ते इंजिनपाशी होते. मी एकट्यानं मापलं.

काटा शून्याला टेकलाच होता म्हणायचं. बोटभरसुद्धा जागा नाही. पुन्हा फिरवलं. हँडल जड लागत होतं, चिखलात फिरवल्यासारखं. तेच.

चाचा आले. "किती?" त्यांचा चेहरा माझ्याकडे होता पण डोळे जरा बाजूला. मला तो अंगठा आठवला, काचेवरून फिरणारा.

"सव्वा," मी म्हटलं.

खोटं तरी काय! दुपारी त्याहून जास्तच होता.

ता. १०, शनिवार.

सांज. शून्य. सव्वा सांगितलं.

ता. ११.

तेच.

ता. १५, गुरुवार.

अलिबागला सिनेमाचा तंबू आलाय. माझीच जुनी मंडळी. चाचांसाठी स्क्रू आणायला गेलो होतो, तिथे तीन तास गेले. तंबूच्या मालकानं खांद्यावर हात टाकला, "चल मुरूडला. तुला आता तारा जोडता येतात म्हणे, पाट्या उचलायला नको, डायनामोवर बस." चित्र सुरू होतं, एक बाई रथातून पडत होती, पेटीवाला भलतंच काही तरी वाजवत होता. मला असलं काही बघितलं की पाय जमिनीवर राहत नाहीत.

चोवीस तारखेला तंबू उठणार.

स्क्रू विसरलो.

ता. १८, रविवार.

पत्र लिहायला बसलो. 'सौ. गोदूताईस' — चार शब्दसुद्धा झाले नाहीत. गोदू माझ्याहून दीड वर्षानं मोठी. आई गेल्यावर तिनंच मला शाळेत नेऊन बसवलं, आणि मी पळून आलो की कान धरून परत. मला 'भटक्या' म्हणायची, दुसरं कोणी म्हणत नाही. मग तिचं लग्न झालं, रेवसकडे. पहिली दिवाळी आली. बाबांचे पाय तेव्हापासूनच सुजायचे, म्हणून मी मुराळी जायचं ठरलं. भावानं जायचं, बहिणीला माहेरी आणायचं, सोपं काम. बाबांनी टोपी घेऊन दिली.

वाटेत पेणला सिनेमाचा तंबू होता.

आधी म्हटलं एक खेळ बघू. मग म्हटलं उद्या जाऊ. मग दिवाळी झाली. ती साडी नेसून दारात बसली असेल, गाडीचा आवाज आला की उठत असेल. चार वर्षं झाली. लाँचवर असताना रेवसच्या धक्क्याला रोज लागायचो, आणि मी रोज इंजिनाच्या बाजूला तोंड करून उभा राहायचो.

पत्र फाडलं.

ता. २२, गुरुवार.

आज सांजेला चाचांनी पहिल्यांदा वीज सोडली. माझ्या सव्वाच्या भरवशावर. येसाजी, सोनाबाई, आणखी दोन-चार माणसं बघायला. दिवे लागले! सात दिवे एकदम. सोनाबाई म्हणजे इथली सुईण, तिनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली आहेत. ती समुद्राकडच्या भिंतीशी लोखंडी खाट होती तिच्यावर पितळी तपेलं ठेवायला गेली आणि किंचाळून मागे आली. तपेलं घरंगळत दारापर्यंत.

"आरं, चावली मना ही खाट! कोपरापत्तुर मुंग्या आल्या."

चाचांनी लगेच वीज तोडली. येसाजी हसत म्हणाला, "काय हो मिस्त्री, बाळंतिणीला असंच उठवायचं का?"

चाचा भिंतीवरून हात फिरवत राहिले.

मी दारापर्यंत जाऊन तपेलं उचलून आणलं.

ता. २३, शुक्रवार.

चाचा सकाळी मेगर मांडीवर घेऊन बसले होते. लहान मुलाला घेतात तसा. म्हणाले, "हा कधी खोटा बोलला न्हाय. आता बोलायला लागला. माझ्यासारखा म्हातारा झाला. उद्या येसाजीला सांगतो, बोलव तुझ्या मुंबईवाल्यांना. बाळंतिणीच्या खाटेला वीज लागली तर खुदाला काय तोंड दाखवू?"

चाची चुलीपाशी होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

ता. २४, शनिवार.

आज दुपारी बोचकं बांधलं आणि अलिबागच्या वाटेला लागलो. तंबू आज उठायचा होता. वरसोलीपर्यंत गेलो. तिथे एक माणूस माडावरून नारळ उतरवत होता, ते बघत थांबलो. तो एकेक नारळ बोटानं वाजवायचा, कानाला लावायचा, मग सांगायचा, पाणी आहे, पाणी आटलंय. खालचा माणूस वर न बघता ते ऐकून दोन वेगळे ढीग करत होता. त्याला नारळ वाजवावाच लागत नव्हता. वरच्यानं सांगितलं की झालं.

बराच वेळ बघत बसलो. मग उठलो आणि किहीमला परत आलो.

चाचा ओसरीवरच होते. बसलोसुद्धा नाही, उभ्यानंच सांगितलं. सांजेचा आकडा कधीच सव्वा नव्हता. शून्य होता. नऊ तारखेपासून. दुपारचाच आकडा जरा कमी करून मी सांजेला सांगत आलो.

चाचा मग म्हणाले, "म्हंजे मेगर बरा हाय?"

"बरा आहे."

"एकदम बरा?"

"एकदम."

"अल्लाचा शुक्र," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "अँमीटर जळला तेव्हा मी गप्प ऱ्हायलो, ती माझी चूक. दोन शिव्या दिल्या असत्या तर तू मला खरा आकडा दिला असतास."

आणि मग त्यांनी त्या दोन शिव्या दिल्या. बोटीवरच्या होत्या. आतून चाची म्हणाल्या, "तौबा!"

"आता ऐक," चाचा म्हणाले. "वाईट आकडा असंल तर मोठ्यानं सांगायचा. चांगला असंल तर हळू सांगितलास तरी चालंल."

ता. २५, रविवार.

आज हँडल चाचांनी फिरवलं, मी वाचलं. सांजेला. मी ओरडलो, "शून्य!" शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकली. चाचा हसले आणि म्हणाले, "हाताला पण तेच सांगतंय. जड हाय. आता बघू गळतंय खंय."

एकेक तार सोडवून मापायची. चार तारा चांगल्या. समुद्राकडच्या भिंतीची एकच वाईट. दुपारी ती पण चांगली. असं कसं?

ता. २७, मंगळवार.

मला कळलं! मला, म्हणजे चाचांना नाही, मला!

सांजेला त्या भिंतीसमोर बसलो होतो. खरं म्हणजे पाल बघत होतो. पालीच्या मागे भिंतीवर ओला डाग होता, नकाशासारखा, आणि बघता बघता मोठा होत होता. आभाळ कोरडं, छपर कोरडं, वर कुठे पाणी नाही. आणि मला पेणचा नामा आठवला, मिठागरातला म्हातारा गडी. सांज झाली की मिठाच्या राशीवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ, मिठाला घाम आला." दिवसा रास कोरडी खडखडीत असायची, सांजेच्या वाऱ्याला ओली.

मी भिंत चाटली.

खारट! मीठ!

धावत जाऊन चाचांना आणलं, त्यांनी पण चाटली. सोनाबाई तेवढ्यात आली, आम्हा दोघांना भिंतीला जिभा लावलेल्या बघून म्हणाली, "वीज चावली ती डोक्याला चावली का रं तुमच्या?" मग तिनंही चाटली. "मीठ हाय," म्हणाली. "कालवणाला पुरंल."

ता. २८, बुधवार.

येसाजीला विचारलं. आधी नाहीच म्हणाला. इथली रीत अशी आहे की किनाऱ्याची वाळू बांधकामाला घ्यायची तर तिला आधी एक पावसाळा उघड्यावर ठेवायची, म्हणजे पावसानं तिचं मीठ उतरतं. म्हातारे गवंडी याला 'वाळू न्हाऊ घालणं' म्हणतात. तीन भिंतींना तशी न्हालेली वाळू मिळाली. चौथीला कमी पडली, शेठची घाई, येसाजीनं भरतीच्या रेषेवरची वाळू तशीच उचलली. सांज झाली की भिंतीतलं मीठ घाम धरतं, तार ज्यांत बसवली त्या लाकडी पट्ट्या ओल्या होतात, तारेतली वीज ओलीतून जमिनीकडे.

येसाजी पण काही वाईट माणूस नाही. घाबरला होता. जरा वेळानं म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू? इन्स्पेक्टरला दुपारचा बोलवा. दुपारी तुमचा काटा बरोबर असतो ना? मग झालं तर."

खरंच झालं असतं. मी चाचांकडे बघितलं. मीही तेच करत आलो होतो, दुपारचा आकडा सांजेला.

चाचा म्हणाले, "येसाजी, तुझी आई तुला दुपारी व्याली का?"

"पहाटेला," येसाजी म्हणाला.

"मग? वाळूचं मी शेठला सांगत न्हाय. तू मला चिनी मातीच्या घुंड्या आणून दे आणि दोन सुतार दे."

ता. ३१, शनिवार.

रोजे सुरू झाले. चाचा दिवसभर पाणीसुद्धा घेत नाहीत आणि शिडीवर चढतात. मी खाली शिडी धरून ओरडतो, डावीकडे, आणखी डावीकडे. त्या भिंतीवरच्या सगळ्या पट्ट्या उखडल्या. तार आता भिंतीला शिवणारच नाही. वरच्या वाशांवर चिनी मातीच्या पांढऱ्या घुंड्या ठोकायच्या, त्यांच्यावरून तार न्यायची, हवेतून.

चाचा डोळे मिटूनच गाठ मारतात. उघडे ठेवायची गरजच नाही.

ता. ५ जानेवारी १९३३, गुरुवार.

शेवटची घुंडी ठोकली. सांजेला चाचांनी खजुरानं रोजा सोडला, पाण्याचा घोट घेतला आणि लगेच मेगरचं हँडल हातात घेतलं. हीच ती वेळ, भिंतीवर डाग उमटायची. डाग उमटला होताच.

मी काटा बघत होतो आणि चाचा माझ्या तोंडाकडे. काटा उठला. एकच्या पुढे गेला. थोडा डुलला आणि थांबला.

मी हळूच म्हणालो, "दोन."

"हाताला हलकं लागलं," चाचा म्हणाले. "पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

ता. ७, शनिवार.

काल वाडीतल्या पोरांनी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, वरून जाळ. शेंगा खाता खाता मी त्यांना गॅल्व्हानोमीटर समजावला — पेटीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात भित्रा, जरा वीज लागली की थरथरतो, तार जोडलेली आहे की तुटलेली एवढंच सांगतो. एक जण म्हणाला, म्हणजे आमच्या सासूसारखा. माझं लग्न झालेलं नाही, तरी हसलो.

आज जीभ भाजली आहे.

ता. १२, गुरुवार.

इन्स्पेक्टर आला. पारशी साहेब, पांढरी पँट, त्याच्याकडे स्वतःचा मेगर, आमच्याहून नवा. दुपारीच आला, सकाळची लाँच गाठून. मापलं, अडीच. सही करायला टाक काढला.

चाचा म्हणाले, "साहेब, सांजपर्यंत थांबा."

येसाजीनं कपाळाला हात लावला. साहेब म्हणाला, "कशाला मिस्त्री? पास हाय." चाचांनी सगळं सांगितलं — वाळूचं सोडून. समुद्राचा वारा, सांजेची ओल, खाट. साहेबानं शेवटची लाँच जाऊ दिली. सांजेला मापलं. दोनाला जरा कमी. सही केली.

मग चष्मा पुसत म्हणाला, "मिस्त्री, तुमी काटा बगत नाय. तुमी ह्या पोराचा तोंड बगते."

चाचा सरळ म्हणाले, "व्हय साहेब. मला दिसत न्हाय. ह्याला दिसतं."

साहेबानं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग कागदावर आणखी एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. दवाखान्याच्या दिव्यांवर दोन माणसं हवीत, एक मिस्त्री आणि एक आकडे वाचणारा, आणि रोज सांजेला मापून वहीत लिहायचं. खाली नाव विचारलं. माझं.

कागदावर माझं नाव याआधी शाळेच्या हजेरीत होतं. त्यापुढे बहुतेक गैरहजर.

ता. १३, शुक्रवार.

गोदूला पत्र लिहिलं. दोनच ओळी. 'मी किहीमला आहे. येत्या दिवाळीला नक्की येईन, या वेळी वाटेत थांबणार नाही.' चोंढीच्या टपालपेटीत टाकलं. पेटीत हात घालून परत काढायचा मोह झाला. चाचींना सांगितलं, कागद टाकला. त्यांनी माझ्या ताटात तुपाचा चमचा जास्त ओतला.

ता. १५, रविवार.

डॉक्टरीणबाई मुंबईहून आल्या. शेठ पुढच्या रविवारी येऊन बटण दाबणार, तोवर दिवे लावायचे नाहीत. येसाजी तोरणं बांधतोय. सांजेचा आकडा, दोन.

ता. १७, मंगळवार. दिवेलागण.

रेवसकडून बैलगाडीनं एक बाई आणली. सकाळपासून अडली आहे. सोनाबाई सांगत होती, माहेरून न्यायला कोणी आलंच नाही, म्हणून दिवस सासरीच भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शेठ रविवारी येऊ देत, मला उजेड आत्ता पाहिजे.

चाचांनी हँडल फिरवलं, मी वाचलं. दोन. पुन्हा वाचलं. हळूच सांगितलं. मग दारातून आत वाकून बटण दाबलं आणि सात दिवे लागले.

समुद्राकडच्या भिंतीच्या खाटेवरून आवाज आला.

"भटक्या?"

आत धावलो, मला बाहेर काढलं. ओसरीवर बसून लिहितो. आत सोनाबाई म्हणतेय, "हो गं, हो, झालंच आता, समदं दिसतंय मना." पत्र अजून टपालात असेल. मुराळी गेलाच नाही, तीच आली.